नावांची भिंत आणि ४ फेब्रुवारीचं ऊन : गावच्या सैनिक स्मृतिदालनाच्या कामाच्या नोंदी

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातलं गाव. मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावात, त्यामुळे घरटी एखादा तरी माणूस पलटणीत, अशी इथली रीत. काम दोन भागांचं आहे. जुन्या शाळेच्या चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या), मंगळूरी कौलांच्या वर्गात पदकं, पत्रं आणि फोटोंचं दालन. त्याला लागून उत्तरेला ३.६ × ३ मीटरची नवी स्लॅबची खोली, तिच्या उत्तर भिंतीवर गावातल्या ६३ शहीद जवानांची नावं.

पहिल्या बैठकीत एकच गोष्ट पक्की झाली : नाव वाचता आलं पाहिजे. इराकातल्या बसरा स्मारकावर पहिल्या महायुद्धातल्या अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीपुढे नुसती संख्या. इराकातल्याच कूत-अल-अमाराला तुर्कांनी घातलेला वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. त्यात आणि त्यानंतरच्या कैदेत मेलेल्या मराठा शिपायांची पुढची पिढी याच पट्ट्यात भात लावते. त्यांच्या गावात तरी नाव अंधारात राहू नये. खालचे सगळे निर्णय या एका अटीवर घासून घेतले आहेत. असंच काम काढणाऱ्या दुसऱ्या गावांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

१४ जून

पाऊस लागला आणि जुन्या वर्गाच्या भिंती बोलायला लागल्या. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत लोणा (ओलीने फुटणारा पांढरा खार), वर रंगाचे फुगे. कारण उघड आहे. चिरा पाणी पितो आणि हळूहळू सोडतो. पूर्वी कधीतरी त्यावर सिमेंटचा गिलावा आणि ऑइल पेंट चढवलाय, त्यामुळे आतलं पाणी कोंडलंय. अशा भिंतीवर पत्रं लावली तर एका पावसात बुरशी धरेल.

सिमेंटचा गिलावा १.२ मीटरपर्यंत खरवडून काढायचा, चिरा उघडा ठेवून वाळू द्यायचा, मग चुन्याचा गिलावा : एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग चाळलेली वाळू, दोन थरांत, मिळून १८ मिमी. पावसाळ्यात हे वाळत नाही, गणपतीनंतरच हात लावता येईल. म्हणजे तीन महिने वाट पाहणं आलं. ज्यांना १५ ऑगस्टला उद्घाटन करायचं असेल त्यांनी चिऱ्याच्या इमारतीचं काम फेब्रुवारीत सुरू करावं.

बाहेरून पन्हळ बदलली, भिंतीच्या बुडाशी ६०० मिमी रुंद खडीचा चर काढला. निम्मी ओल त्यानेच थांबली.

९ ऑगस्ट

पावसात बसून करायचं काम : नावांची यादी. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदीत हिंदी शिपायाचं नाव, क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख आणि बऱ्याचदा वडिलांचं नाव, गाव, तालुका मिळतो. अडचण रोमन लिपीची. त्यातून देवनागरीत आणताना ‘माने’ आणि ‘मने’, ‘दत्तू’ आणि ‘दातू’ यांत फरक राहत नाही. गावांची नावं तर ऐकणाऱ्या गोऱ्या कारकुनाच्या कानाप्रमाणे लिहिलेली.

ठरवलेली पद्धत : प्रत्येक नावाला दोन पुरावे. एक लष्करी नोंद. दुसरा गावातला : शाळेचं जनरल रजिस्टर, सातबाऱ्याच्या जुन्या नकला, किंवा पदकाच्या कडेवर ठशाने उमटवलेलं नाव. दोन्ही जुळल्याशिवाय नाव कोरायला पाठवायचं नाही. कोरायचा मजकूर घरच्यांना छापून दाखवायचा, मोठ्याने वाचून दाखवायचा आणि सही घ्यायची. वाचून दाखवणं महत्त्वाचं, कारण घरातली म्हातारी माणसं कागद बघून मान हलवतात, पण कानाला चुकीचं लागलं की लगेच थांबवतात.

नऊ नावं अजून एकाच पुराव्यावर अडली आहेत.

२८ ऑगस्ट

दगडाचे नमुने भिंतीला टेकवून पाहिले.

चिऱ्यावर अक्षर टिकत नाही, भोकं असतात. कडप्पा स्वस्त, पण थर सुटतात. शिरोरेषेच्या वर मात्रा आली की तिथली पातळ चीप उडते. पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट सगळ्यांना पहिल्या नजरेत आवडला आणि खोलीत आणल्यावर बाद झाला. त्यात समोरचं दार, बल्ब आणि बघणाऱ्याचा चेहरा दिसतो, नाव दिसत नाही. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकात (१९८२) माया लिन यांनी तोच आरसा जाणूनबुजून वापरला, पण तो उघड्यावर, लांबलचक भिंतीवर आहे. तीन मीटरच्या बंद खोलीत प्रत्येक दिव्याचा एक पांढरा डाग पडतो.

घेतला तो इलकलचा लालसर ग्रॅनाइट, घासलेला पण पॉलिश न केलेला. एकसंध शिळा न घेता प्रत्येक नावाची वेगळी पाटी : २९० × ९० × ३० मिमी, वजन दोन किलोच्या वर. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातही (२०१९) प्रत्येक जवानाची स्वतंत्र पाटी आहे. गावासाठी त्याचा फायदा व्यवहाराचा आहे : चूक झाली तर एक पाटी बदलते, नवं नाव सापडलं तर एक पाटी वाढते. कोरून, पोच, ९५० रुपयांना एक.

१९ सप्टेंबर

या नोंदीवर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि देवनागरीत कोरीव काम करणाऱ्या प्रत्येकाला ती लागेल.

पहिल्या सहा पाट्या आल्या. अक्षर ३० मिमी उंच, खोली ४ मिमी, रबराच्या स्टेन्सिलवर वाळूचा मारा करून कोरलेली. रंग भरायचा नाही असं ठरलं होतं, कारण रंग दहा वर्षांत उडतो आणि अर्धवट उडालेलं नाव फार वाईट दिसतं. म्हणजे अक्षर फक्त सावलीवर वाचायचं.

भिंतीला जवळून, बरोबर वरून दिवा मारला. शिरोरेषा काळी कुळकुळीत उठून आली आणि खालची अक्षरं फिकी पडली. पाटीवर नाव नाही, आडवी रेघ तेवढी दिसते. कारण साधं आहे. वरून येणारा उजेड आडव्या खाचेत सावली पाडतो. उभ्या काना-दंडाच्या खाचेत तो सरळ वरून खाली वाहून जातो, सावली पडतच नाही. आता दिवा डावीकडून मारला. काने, दंड ठळक झाले, शिरोरेषा आणि मात्रा गेल्या. ‘राणे’ वाचावं की ‘राण’, कळेना.

बाजूलाच शीर्षकाची पाटी ठेवली होती, मराठी आणि कानडी दोन्ही लिप्यांत. कानडी अक्षर गोलाकार. उजेड कुठूनही आला तरी वळणाचा कुठला ना कुठला भाग सावली धरतो. म्हणून ती ओळ तिन्ही वेळा वाचता आली. रोमन किंवा कानडी पाट्यांसाठी चालणारी दिव्याची मांडणी देवनागरीला जशीच्या तशी चालत नाही, हे इथे डोळ्यांनी दिसलं.

जुळलेली मांडणी : मुख्य दिवा भिंतीच्या वर डाव्या कोपऱ्यात, जमिनीपासून २.७ मीटरवर, भिंतीपासून ६०० मिमी पुढे, म्हणजे उजेड तिरका, डावीकडून उजवीकडे खाली उतरतो. आडव्या आणि उभ्या दोन्ही खाचांना सावली मिळते. उजवीकडून दुसरा दिवा चौथाई तीव्रतेचा, सावली अगदी बुजून काळी होऊ नये म्हणून. डावीकडच्या टोकाच्या पाट्यांवर उजेड जवळजवळ वरूनच पडत होता, तिथे शिरोरेषेचा तोच त्रास. दिवा पाट्यांच्या कडेच्या बाहेर ४०० मिमी डावीकडे सरकवल्यावर सुटला.

स्टेन्सिलचा दुसरा त्रास : ‘ठ’, ‘ळ’, ‘भ’ यांच्या पोटातले रबराचे बारके तुकडे माऱ्यात उडतात आणि अक्षराचं पोट खड्डा होऊन बसतं. पोटाची जागा ३ मिमीपेक्षा बारीक असेल तर हे होणारच. फॉन्ट बदलला, पोट मोकळं असलेला घेतला. तिसरा त्रास अनुस्वाराचा. बारीक ठिपक्यात वाळू खोल जात नाही, आणि उथळ ठिपक्याला सावली नाही. ‘शंकर’चा ‘शकर’ होतो. आता सगळे ठिपके आणि रफार पाथरवट छिन्नीने हाताने खोल करतात, ठिपका कमीत कमी ४ मिमी व्यासाचा. पाटीमागे वीस मिनिटं वाढली, पण घरच्यांच्या डोळ्यांसमोर नाव चुकलेलं उभं राहण्यापेक्षा हे बरं.

३० सप्टेंबर

उन्हाच्या फटीचा हिशेब. ४ फेब्रुवारी हा पलटणीचा दिवस, १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला त्याची आठवण. त्या दिवशी दुपारी छतातल्या फटीतून उन्हाची आडवी पट्टी नावांच्या भिंतीवर पडावी, अशी कल्पना.

कोणत्या ओळीवर? यावर बैठक लांबली. एका ओळीवर ऊन पडलं की त्या सहा घरांना मान आणि उरलेल्यांनी बघत राहायचं, हे गावात चालणार नाही. ठरलं की जमिनीपासून १.५५ मीटरची ओळ पूर्ण कोरी ठेवायची : ज्यांची नावं कुठल्याच कागदावर आली नाहीत त्यांची. ती ओळ पुढेही भरायची नाही. नव्याने सापडणाऱ्या नावांसाठी तीन मोकळ्या जागा आणि तळाची एक राखीव ओळ आहे.

हिशेब असा. बेळगावचं अक्षांश सुमारे १५.८५° उत्तर. ४ फेब्रुवारीला सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर) सुमारे १६.३° दक्षिण. माध्यान्हीला सूर्याची उंची ९० − १५.८५ − १६.३, म्हणजे ५७.८५°. याचा टॅन १.५९. म्हणजे फट भिंतीपासून जितकी दूर, त्याच्या १.५९ पट ऊन खाली उतरतं. स्लॅबचा माथा ३.४५ मीटर, ओळ १.५५ मीटर, फरक १.९० मीटर. तेव्हा फट भिंतीपासून ११९५ मिमी दूर.

माध्यान्ह म्हणजे घड्याळाचे बारा नव्हेत. आपण प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या आठ अंश पश्चिमेला, त्याची ३२ मिनिटं. वर फेब्रुवारीत सूर्य घड्याळाच्या १४ मिनिटं मागे असतो. म्हणजे १२ वाजून ४६ मिनिटं. निमंत्रणपत्रिकेवर हीच वेळ छापायची.

आता फटीची रुंदी. १५ मिमी फट पुठ्ठ्यात कापून पाहिली, पट्टी मळकट आली. सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाचा थाळा आहे. सव्वादोन मीटर प्रवासात, आणि ऊन भिंतीवर तिरपं पडत असल्याने, त्याच्यामुळे कडा जवळपास ३९ मिमी फिस्कटते. फट २५ मिमीपेक्षा अरुंद असेल तर पट्टीच्या मधोमधही पुरतं ऊन पोचत नाही. ४० मिमी ठरवली.

सर्वांत मोठा धोका स्लॅबच्या जाडीचा, आणि तो नकाशावर दिसत नाही. १५० मिमी जाडीच्या स्लॅबमधून ऊन खाली येईपर्यंत ९४ मिमी उत्तरेला सरकतं. सरळ उभी ४० मिमी फट ठेवली असती तर ऊन स्लॅबच्या आतच फटीच्या कडेला आपटून संपलं असतं, खोलीत एक किरण आला नसता. म्हणून स्लॅबमध्ये ३०० मिमी रुंद, २.४ मीटर लांब भोक सोडायचं आणि फट त्याच्या माथ्यावर ३ मिमी लोखंडी पत्र्यात कापायची. पातळ पत्र्याला ही अडचण नाही.

एवढं लांब भोक सळ्या तोडतं. इंजिनियरने मुख्य सळ्या भोकाला समांतर, पूर्व-पश्चिम फिरवल्या, दोन्ही कडांना १६ मिमीच्या दोन-दोन जादा सळ्या आणि चारही कोपऱ्यांत तिरप्या सळ्या दिल्या. हे सांगितल्याशिवाय सेंट्रिंगवाला भोक सोडून मोकळा होतो आणि कोपऱ्यातून तडा जातो.

उत्तर-दक्षिण ओळ ओळंब्याच्या माध्यान्ह सावलीवरून धरली. कंपास सळ्यांच्या ढिगाजवळ भरकटतो. नवी भिंत जुन्या शाळेशी काटकोनात आली नाही, थोडी पाचर राहिली. मिस्त्रींचा आग्रह होता, “जुन्या भितीला धरून घेऊया की, सोपं पडतंय.” त्यांना सावली दाखवल्यावर त्यांनीच दोरी बदलली.

७ नोव्हेंबर

तालमीचा दिवस. सूर्य वर्षातून दोनदा एकाच उंचीवर येतो : ४ फेब्रुवारीला जी क्रांती, तीच ६-७ नोव्हेंबरला. म्हणजे तीन महिने आधी खरी चाचणी फुकट मिळते. अशी फट करणाऱ्यांनी आपल्या तारखेचा जुळा दिवस आधी काढावा आणि स्लॅब त्याच्या आत उतरवावा. फरक एवढाच की नोव्हेंबरात सूर्य घड्याळाच्या पुढे असतो, माध्यान्ह १२ वाजून १६ मिनिटांनी.

भोकावर तात्पुरता पातळ पत्रा, त्यात फट. समोर भिंतीवर पट्टी पडली, बरोबर १.५५ वर. मग पाट्यांच्या खऱ्या पुढच्या तोंडाच्या जागी प्लायवूड उभं केलं आणि पट्टी ७० मिमी वर चढली, म्हणजे थेट वरच्या नावांच्या ओळीवर. अंतर कच्च्या भिंतीपर्यंत मोजलेलं होतं. पाटी ३० मिमी, मागची सिमेंटची पाठ १५ मिमी, मिळून ४५ मिमी भिंत पुढे येते, आणि त्याच्या १.५९ पट पट्टी वर जाते. तेव्हा फट ४५ मिमी दक्षिणेला घ्यायची. अंतिम पत्रा अजून कापला नव्हता, म्हणून हे निभावलं. पत्रा चाचणीनंतरच कापावा.

पण या सरकण्याने दुसरं काही अडलं. भोकाभोवती पावसाचं पाणी अडवायला १५० मिमी उंच कड बांधली होती. फट दक्षिण कडेपासून १५० वरून १०५ मिमीवर आली, आणि फटीच्या दक्षिण टोकापर्यंत सगळं ऊन पोचायला ११४ लागतात. कडेचीच सावली फटीवर. दक्षिणेची कड १०० मिमीपर्यंत उतरवली. इथल्या पावसाला १०० कमी आहे, त्यामुळे वरची काच चारही बाजूंनी ५० मिमी बाहेर काढायची.

इतर मोजमापं : पट्टी रोज सुमारे २१ मिमी सरकते, म्हणजे नेमक्या दिवसाच्या आधी-नंतर एखाद-दोन दिवसही ती कोऱ्या ओळीत राहते; ढगाळ निघालं तर दुसरा दिवस हाताशी आहे. माध्यान्हीच्या आधी-नंतर अर्धा तास ती संपूर्ण १.८ मीटर ओळ भरते, मग एका टोकाकडून सुटत जाते. १२ मार्चच्या सुमारास ती भिंतीवरून जमिनीवर उतरेल आणि १ ऑक्टोबरच्या सुमारास परत चढेल.

२२ नोव्हेंबर

पत्रा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून लेझरने कापून आणला. त्याला लांबट भोकं दिली, कारण २.४ मीटर लोखंड उन्हात एक मिलिमीटरच्या वर वाढतं. घट्ट बसवला तर कमान धरतो.

वर आधी काचेची मंगळूरी कौलं टाकायचा विचार होता, स्वस्त आणि गावात मिळणारी. टाकून पाहिली. ओतीव काच लहरी असते, पट्टीच्या जागी भिंतीवर उन्हाचे चट्टे पडले. काढली. १० मिमी टफन्ड सपाट काच, थोड्या उतारावर. काच ऊन वाकवेल ही शंका होती. सपाट काच उन्हाची दिशा बदलत नाही, आणि ती फटीच्या वर असल्याने पट्टी भिंतीवर जागची हलत नाही. पत्रा, काच, अँगल, मजुरी मिळून ३१ हजार. कौलांचे ४,२०० वाया.

५ डिसेंबर

पाट्या बसवणं. चिऱ्यावर थेट टाइलच्या गोंदाने लावलेली एक पाटी दुसऱ्या दिवशी सकाळी खाली होती. गोंदाला चिऱ्याची धूळ चिकटली, चिऱ्याने गोंदातलं पाणी पिऊन टाकलं. आता भिंत ब्रशने झाडून, ओली करून १५ मिमी सिमेंटची पाठ, आणि प्रत्येक पाटीला मागून ६ मिमीच्या दोन स्टेनलेस खिळ्या, इपॉक्सीत. डोक्यावर दोन किलोचा दगड गोंदाच्या भरवशावर ठेवू नये.

सर्वांत खालची ओळ जमिनीपासून ६०० मिमीवर, सर्वांत वरची १.९ मीटरच्या आत. एका आजींनी आपल्या सासऱ्यांच्या पाटीवर बोट फिरवून सांगितलं, “मला दिसंना झालंय बाळ, पर बोटाला लागतंय बघ नाव.” त्यांची पाटी १.८ वर होती, तेवढा हात त्यांना उचलवत नव्हता. त्यानंतर घरातली हयात असलेली वयस्क माणसं विचारात घेऊन पाट्यांचा क्रम पुन्हा लावला. हुद्द्याप्रमाणे लावायची सूचना होती, ती मागे पडली. हात लागून दगड काळपट होईल. ते पुसायचं नाही.

२० डिसेंबर

दालनातल्या पेट्या. सुताराने काचेचे सांधे नेहमीच्या सिलिकॉनने भरले. पेटी उघडली की व्हिनेगरसारखा आंबट वास. हे सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, आणि बंद पेटीत ते तांब्या-पितळेला आणि शिशाला खातं. पदकं ठेवायच्या आधी चाचणीला ठेवलेली घासलेली तांब्याची तार आठवड्यात काळवंडली. सगळे सांधे पात्याने काढून ॲसिड न सोडणारं न्यूट्रल सिलिकॉन भरलं, पेट्या पंधरा दिवस उघड्या ठेवल्या. त्याच कारणाने तळाला प्लायवूड-एमडीएफ नको, पावडर कोटिंगचा पत्रा. मखमल आणि लोकरीचं कापडही नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. धुतलेला पांढरा सुती मांजरपाट पुरतो.

दमटपणासाठी सिलिका जेल, घनमीटरला २० किलो हे माप. आमच्या पेटीचं आकारमान ०.१८ घनमीटर, म्हणजे ३.६ किलो, चहाच्या पुडीएवढ्या पिशवीने काही होत नाही. ओल दाखवणाऱ्या नारिंगी खुणेचं घ्यावं, निळ्यात कोबाल्ट असतं. धातूच्या पेटीत ते पूर्ण सुकवून ठेवायचं. पत्रांच्या पेटीत मात्र नाही, कागद कडक होऊन घडीवर मोडतो. तिथे पन्नास टक्के आर्द्रतेला स्थिरावलेलं.

पदकांबद्दल कळकळीची विनंती : ब्रासोने घासू नका. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण ठशाने उमटवलेली असते, आणि दिवाळीला घासून घासून नेमकी तीच कड सपाट होते. अर्धवट पुसलेली कड वाचायची युक्ती : पदक काळ्या कापडावर आडवं धरायचं, खोलीत अंधार करायचा, मोबाइलचा टॉर्च कडेला जवळजवळ समांतर धरून हळू फिरवायचा आणि दर थोड्या अंशाला फोटो घ्यायचा. एका कोनात आकडे उठतात, दुसऱ्यात अक्षरं. भिंतीवरच्या दिव्यासाठी जे कळलं तेच इथे उपयोगी पडलं. अडलेल्या नऊ नावांपैकी चार अशी सुटली.

८ जानेवारी

दिवे. पत्रं, फोटो, पदकांच्या रंगीत फिती यांच्यावर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर नको. शाईसारख्या नाजूक वस्तूंना वर्षाला १५,००० लक्स-तास ही मर्यादा धरतात, म्हणजे ५० लक्सवर फक्त ३०० तास. रोज आठ तास दिवा चालू ठेवला तर दोन महिन्यांच्या आत वर्षाचा कोटा संपतो. म्हणून प्रत्येक पेटीला माणसाची चाहूल घेणारा सेन्सर, दोन मिनिटांत बंद. आणि दर तीन महिन्यांनी पत्रं बदलायची.

पण ५० लक्सवर सत्तरीतल्या माणसाला शंभर वर्षांपूर्वीची फिकी शाई वाचता येत नाही. मूळ पत्र मंद उजेडात आणि शेजारी तेच पत्र दीडपट मोठं छापून, चांगल्या उजेडात. दोन्हींमध्ये ४०० मिमी अंतर आणि एक उभी आडपट्टी हवी, नाहीतर छापील प्रतीचा उजेड मुळावर सांडतो. लक्समीटरने मोजलं तेव्हा मूळ पत्रावर ११० लक्स निघाले होते, आडपट्टीनंतर ४६.

पहिल्या खेपेचे स्वस्त ड्रायव्हर (एलईडी दिव्यांना वीज पुरवणारे डबे) परत केले. मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे धावतात, आणि दोन तर विजेच्या चढउतारात आठवड्यातच गेले. ९० च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप), ३००० केल्विनचा पिवळसर उजेड, १५° झोताचे ७ वॉटचे दिवे. मीटरजवळ सर्ज संरक्षक.

२५ जानेवारी

उंबऱ्याचा प्रश्न. भर दुपारच्या अंगणातून थेट मंद दालनात पाऊल टाकलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि त्याच जागी १२० मिमीचा उंबरा होता. चाचणीला आलेल्या दोन वयस्क माजी सैनिकांचा पाय अडखळला. उंबरा काढून उतार केला. व्हरांड्याच्या दर्शनी बाजूला बांबूच्या चिका सोडल्या, भिंती राखाडी केल्या, गावाची आणि पलटणीची माहिती देणारे फलक व्हरांड्यातच लावले. तिथे दोन-तीन मिनिटं वाचण्यात जातात, तेवढ्यात डोळे बसतात. आत शिरल्यावर वाचायला पहिली वस्तू दारापासून अडीच मीटर लांब.

४ फेब्रुवारी

१२.४६ ला पट्टी कोऱ्या ओळीवर, मध्य १.५४५ मीटरवर. अपेक्षेपेक्षा ५ मिमी खाली. आकाश स्वच्छ.

एक गोष्ट नव्याने दिसली. पट्टीच्या दगडावरून परतलेला उजेड समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आपटून नावांवर सपाट पसरतो, आणि अक्षरांच्या सावल्या पुसट होतात. त्या तासाभरात बाकीची नावं नेहमीपेक्षा वाईट वाचता येतात. दक्षिण भिंतीला गडद राखाडी रंग द्यायचा. डाव्या कोपऱ्यातला मुख्य दिवा त्या वेळी बंद करायचा नाही.

११ फेब्रुवारी

दक्षिण भिंत रंगवली. दुपारी लक्समीटर आणि डोळे, दोन्हींनी तपासलं, नावं सुधारली. खर्च : नवी खोली २,६०,०००, चुन्याचा गिलावा व चर ७४,०००, पाट्या ५९,८५०, पाच पेट्या १,४०,०००, दिवे ६८,०००, फट ३१,०००. वाया गेलेलं सामान सुमारे ४१,०००, त्यात नऊ पाट्या पुन्हा कोरण्याचे पैसे सर्वांत जास्त. हे वरच्या आकड्यांत धरलेलं नाही.

बाकी कामं : पावसाआधी काचेची सीलिंग पाइपने पाणी मारून तपासणं, मेअखेर सिलिका जेल भाजून घेणं, फटीवरचं जाळं आणि धूळ १ ऑक्टोबरच्या आत साफ करणं. अडलेली पाच नावं अजून एकाच पुराव्यावर आहेत. त्यांच्या पाट्या कोऱ्या कापून ठेवल्या आहेत. शेजारच्या वाडीतून एक पदक आणलंय, कडेवर क्रमांकाचे चार आकडे आणि पलटणीचा अंक दिसतो. नाव अजून उठलेलं नाही. उद्या संध्याकाळी पुन्हा टॉर्च लावायचा आहे.